मोठ्या सिस्टरांची शेवटची खाडाखोड

आमच्या मोठ्या सिस्टरांना खोडरबराचा भारी राग. वॉर्डात नवीन आलेल्या पोरीच्या खिशात खोडरबर सापडला, की तो सरळ खिडकीतून बाहेर. वर विचारायच्या, "चूक झाली तर दिसू दे की! लपवतेस कोणापासून? पेशंटपासून? तो तर आधीच तुझ्या हाती सापडलाय!"

माझे तीन गेले असे. मी एकवीस वर्षांची होते, नोकरीचा पहिला महिना, आणि तापाच्या चार्टवर एकाचा ताप दुसऱ्याच्या नावावर चढवून ठेवला होता. घासघासून कागदाला भोक पाडलं, तेवढ्यात त्या मागे येऊन उभ्या. मग जो तास झाला तो मला आजही पाठ आहे. चूक झाली की एक सरळ रेघ ओढायची, पट्टी लावून. खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे. वर बरोबर काय ते लिहायचं. शेजारी आपली सही, तारीख, वेळ. गिरवायचं नाही, खरवडायचं नाही, पान तर मुळीच फाडायचं नाही. "काय चुकलं, कोणी सुधारलं, केव्हा सुधारलं, हे उद्या येणाऱ्या परक्या माणसालाही कळलं पाहिजे. कळलं का, उतावळे?"

उतावळी हे नाव मला तेव्हा पडलं ते कायमचंच. पुढे मी स्वतः मोठी सिस्टर झाले, माझे केस पिकले, तरी त्या मला चारचौघांत 'ए उतावळे' म्हणूनच हाक मारायच्या. मी चिडायचे. माझ्या नाकावर राग, हे काही आजचं नाही. आमची आई म्हणायची, या पोरीला भांडायला माणूस लागत नाही, भिंत असली तरी चालते.

सिस्टरांनी लग्न केलं नाही. का नाही केलं, हे विचारायची हिंमत अख्ख्या हॉस्पिटलात एकाच बाईने केली, ती म्हणजे मी, आणि उत्तर मिळालं, "ड्यूटी बदलून मिळाली नाही." एवढंच. मागचापुढचा संदर्भ नाही. खरं-खोटं देव जाणे. अडतीस वर्षं त्यांनी नोकरी केली आणि त्यातून दोन खोल्या घेतल्या, तिसऱ्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीत पलंग, टेबल, दोन खुर्च्या आणि एक लोखंडी कपाट. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजारच्या शाळेचं पटांगण दिसायचं. पुढे त्यांच्या समोरचं दार रिकामं झालं तेव्हा त्यांनीच मला ते घ्यायला लावलं. म्हणाल्या, "म्हातारपणी एकमेकींचं ब्लडप्रेशर बघू." आणि बघितलंही. रोज चार वाजता मी समोर जायचे, चहा व्हायचा, ब्लडप्रेशर व्हायचं, आणि एकदा भांडण व्हायचं. भांडण नसलं तर त्या विचारायच्या, "बरं नाही का तुला?"

ते कपाट मला फार आवडायचं. हिरव्या रंगाचं, आतून आरसा, दार लावलं की ठप्प असा घट्ट आवाज. माझं स्वतःचं कपाट म्हणजे एक दार लागलं की दुसरं उघडायचं. तीस वर्षं मी त्यांच्या मागे भुणभुण लावली, "सिस्टर, गेल्यावर हे कपाट मला ठेवून जा हं." त्या म्हणायच्या, "आधी तू जाशील चिडचिड करून." मग एकदा, अकरा वर्षांपूर्वी, वकिलाकडून आल्या आणि म्हणाल्या, "लिहून आलेय मृत्युपत्र. कपाट तुझ्या नावावर टाकलंय. आता तरी तोंड बंद ठेव."

घर लिहिलं होतं पुतण्याच्या नावावर. त्याची गोष्ट सांगायला हवी. सिस्टरांना एकच भाऊ, मोठा. सगळे त्यांना दादा म्हणायचे. दादांची पहिली बायको मुलगा आठ वर्षांचा असताना गेली आणि दादांनी वर्षभरात दुसरं लग्न केलं. सिस्टरांचं त्या पहिल्या वहिनीवर फार प्रेम. ही दुसरी घरात आली ती त्यांना काट्यासारखी सलली. ती बिचारी तेव्हा जेमतेम चोविशीची, गरिबाघरची, हो म्हणण्यापलीकडे तिने केलं काय? पण सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, त्यातल्या आमच्या सिस्टर. पंचवीस वर्षांत त्यांनी तिला वहिनी म्हणून एकदाही हाक मारली नाही. 'त्या' म्हणायच्या. 'त्या आल्या होत्या.' 'त्यांना सांग.' मृत्युपत्रातही वकिलाकडून स्पष्ट लिहून घेतलं, की माझ्या भावाच्या दुसऱ्या पत्नीचा या घरावर कोणताही हक्क राहणार नाही. हे त्या बाईला दादांकडून कळलंही होतं. तिने ब्र काढला नाही.

मग दादा गेले. भाड्याचं घर सुटलं. पुतण्या दुसऱ्या गावी नोकरीला, सावत्र आईला बरोबर ने म्हणणारं कोणी नव्हतं. नेमकं त्याच वेळी सिस्टरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि या दुसऱ्या वहिनी आठ दिवसांसाठी म्हणून मदतीला आल्या. हातात एक पिशवी होती. ते आठ दिवस नऊ वर्षं चालले.

मी रोज बघत होते ना! सिस्टर म्हणजे काय सोपं पेशंट? पाणी कोमट हवं तर कोमट म्हणजे किती, हे बोट बुडवून सांगणार. चादरीला सुरकुती दिसली तर पुन्हा घाल. वहिनी पुन्हा घालायच्या. 'वन्सं, पाणी आणलंय,' 'वन्सं, पाय वर घ्या,' एवढंच बोलणं. मी एकदा न राहवून म्हटलं, "अहो, जरा दोन शब्द बरे बोला की त्यांच्याशी. फुकटची नोकर मिळालीय का?" सिस्टर म्हणाल्या, "मी बोलावलं नव्हतं." आतल्या खोलीत वहिनी भांडी घासत होत्या. मधल्या दाराला पडदासुद्धा नव्हता.

फरक पडला तो एका वहीमुळे. औषधांच्या वेळा वहिनींच्या लक्षात राहीनात, म्हणून त्यांनी शाळेतल्या मुलांसारखी एक वही केली होती. अक्षर मोठं, ओबडधोबड. दोन वर्षांपूर्वी एकदा त्यांच्या हातून सकाळची गोळी संध्याकाळीही दिली गेली. सिस्टरांना ते कळलं नव्हतं, कळणारही नव्हतं. पण वहिनींनी वहीत एक सरळ रेघ ओढली, वर लिहिलं, 'चुकून दोनदा दिली', शेजारी आपलं नाव, तारीख, वेळ, आणि वही उघडी करून सिस्टरांपुढे ठेवली. कोणी शिकवलं नव्हतं. सिस्टरांचे जुने कागद बघून बघून शिकल्या होत्या.

सिस्टरांनी ती वही मला दाखवली. चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि म्हणाल्या, "चाळीस पोरी तयार केल्या मी. तुझ्यासकट एकीनेही आपली चूक आपण होऊन आणून दाखवली नाही." मला राग आला, पण खरं होतं ते.

तेव्हापासून त्यांच्या मनात घोळत असणार. आणि गेल्या वर्षी तो मंगळवार आला.

वहिनी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. मी नेहमीसारखी चारला समोर गेले, तर टेबलाशी तळमजल्यावरचे कम्पाउंडर बसलेले. हे आमच्याच हॉस्पिटलातले, आता रिटायर, फार सज्जन माणूस, स्वतःचं मत असं नाहीच. टेबलावर मृत्युपत्र उघडं पडलेलं. शेजारी लाकडी पट्टी आणि पेन. मला बघून सिस्टर म्हणाल्या, "ये. बस. इथे सही कर."

मी वाकून पाहिलं. माणसाला आधी काय दिसतं? आपलं नाव. चौथ्या कलमात होतं, 'माझे लोखंडी कपाट'... आणि पुढे माझं नाव. त्यावर पट्टी लावून एक सरळ रेघ. वर काहीच लिहिलेलं नाही. शेजारी सिस्टरांची सही, तारीख, वेळ. खाली कम्पाउंडरची सही.

वरच्या कलमात पुतण्याच्या नावावरही तशीच रेघ होती आणि वर सिस्टरांच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं, 'माझी वहिनी, जिने मला नऊ वर्षे सांभाळले.' दुसऱ्या पत्नीचा हक्क नाही, या वाक्यावरही रेघ होती. तेही मी वाचलं. वाचलं, आनंदही झाला असेल क्षणभर, पण डोकं अडकलं होतं त्या चौथ्या कलमात.

"माझं नाव का कापलंत?"

"सही कर म्हटलं ना. प्रश्न नंतर."

वॉर्डात असंच असायचं. आधी हात चालव, मग तोंड. पण मी काय आता वॉर्डातली पोर होते? माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या! म्हटलं, "नंतर का? आत्ता सांगा. तुमचं कपाट काय मी डोक्यावर घेऊन जाणार होते? दोन जिने चढले की मला धाप लागते. पण नाव होतं माझं त्या कागदावर! चव्वेचाळीस वर्षं उठबस केली तुमची, सगळ्यांना काही ना काही, आणि मला रेघ?"

"उतावळे, खाली बस."

"नाही बसत! आणि सही तर मुळीच करत नाही. तुमच्या घरच्या भानगडी आहेत, तुम्हीच निस्तरा."

कम्पाउंडर घाबरून खुर्चीतून अर्धे उठले. मी चप्पल घालून बाहेर आले. दार लोटता लोटता सिस्टरांचं बोलणं ऐकू आलं, "जाऊ द्या हो तिला. माझी सही आहे, तुमची आहे. खाडाखोडीला एवढं पुष्कळ झालं. अडतीस वर्षं एकाच सहीवर केलंय मी. उद्या येईल तणतणत, मग सांगते."

मी उद्या गेले नाही. परवाही नाही. मनात म्हणत होते, बोलावू दे त्यांना. समोरासमोर दारं, मधे चार पावलांची जागा, आणि मी बाजारात जायला त्यांच्या दाराची कडी वाजत नाही ना हे बघून बाहेर पडायचे. कम्पाउंडर जिन्यात भेटले तर तोंड फिरवून पुढे. सहाव्या की सातव्या दिवशी चार वाजता त्यांच्या काठीचा आवाज आला. टक, टक, माझ्या दारापर्यंत. मी आतल्या बाजूला उभी, श्वास धरून. दार वाजलं नाही. थोड्या वेळाने टक, टक, परत गेली. अहो, मी दार उघडलं असतं तर माझं काय गेलं असतं? पण नाही. म्हटलं, आधी वाजवू दे.

सतराव्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, वहिनींची किंकाळी ऐकू आली. मी धावले. सिस्टर मोरीच्या दारात पडल्या होत्या. मी छातीवर दाब दिला, तोंडाने श्वास दिला, जे जे त्यांनीच शिकवलं होतं ते सगळं केलं. डॉक्टर येईपर्यंत थांबले नाही. डॉक्टर आले आणि माझा हात धरून बाजूला केला. म्हणाले, "सिस्टर, तुम्हाला माहीत आहे." मला माहीत होतं.

पुढच्या महिन्यात वकिलाकडे गेलो. मृत्युपत्र कपाटातच बंद पाकिटात मिळालं होतं. मी, कम्पाउंडर आणि पुतण्या. वहिनींना बोलावलं होतं, पण त्या म्हणाल्या, "माझं तिथे काय काम? माझ्याबद्दल काय लिहिलंय ते मला ठाऊक आहे." मी मनात म्हटलं, थांबा, संध्याकाळी येऊन तुम्हाला अशी बातमी देते की बघत राहाल. मी गालातल्या गालात हसतसुद्धा होते, आता सांगायला लाज वाटते.

वकील म्हणजे साठीचे गृहस्थ, दुसऱ्या मजल्यावर ऑफिस, लिफ्ट नाही, भिंतीला लावून फायलींचे ढीग. पान उलटलं आणि ते थांबले. चष्मा वर करून कागद डोळ्यांजवळ नेला.

"ही खाडाखोड इथे केलेली नाही."

"घरी केली," मी म्हटलं. "सही आहे, तारीख आहे, वेळ आहे. सगळं रीतसर आहे."

"साक्षीदार एकच दिसतोय."

"हे काय, हे बसलेत," मी कम्पाउंडरकडे बोट दाखवलं.

वकिलांनी कागद खाली ठेवला. "बाई, मृत्युपत्रावर सही-साक्षी होऊन गेली, की त्यात काना-मात्रेचा बदल करायचा तरी तो नव्या मृत्युपत्रासारखाच करावा लागतो. करणाऱ्याची सही, आणि तिच्या डोळ्यांदेखत दोन साक्षीदारांच्या सह्या. त्यापेक्षा सोपं म्हणजे पुरवणी करायची, एक वेगळा कागद. इथे एक साक्षीदार कमी आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने या रेघा ओढलेल्याच नाहीत. खालचं जे आहे, ते कायम."

"पण स्वच्छ दिसतंय ना त्यांना काय करायचं होतं!"

"तेच तर. खालचंही स्वच्छ दिसतंय. मूळ नाव वाचताच येणार नाही असं गिरवून टाकलं असतं, तर निदान भांडायला जागा होती. इतकी व्यवस्थित खाडाखोड मी आयुष्यात पाहिली नाही."

मी उठले. म्हटलं, "द्या ते पेन. मी करते दुसरी सही. मी होते त्या दिवशी तिथे. मी पाहिलंय. विचारा यांना!"

वकील म्हणाले, "त्यांच्या देखत करायची असते, बाई. आता कोणाच्या देखत करणार?"

पुतण्या काही राक्षस नाही. त्याने आवाज चढवला नाही, वाकडा शब्द काढला नाही. एवढंच म्हणाला, "आत्याला खरंच द्यायचं असतं तर ती इथे आली असती. नियमांची एवढी पक्की बाई. मला वाटतं तिच्याच मनात धाकधूक होती." मी त्याला खूप सांगितलं, गुडघ्यांचं सांगितलं, जिन्यांचं सांगितलं, माझं भांडण सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. त्याने वहिनींना घर सोडायला दोन महिन्यांची मुदत दिली आणि तेवढी पुरे का, असंही विचारलं. त्याचा धड रागसुद्धा करता येईना.

निघताना वकिलांनी मला थांबवलं. "एक विचारू? त्या तुमच्याकडून साक्ष घेणार होत्या का? कारण त्याआधी दोनेक दिवस त्यांचा मला फोन आला होता. विचारत होत्या, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं, त्याने साक्ष केली तर चालते का. मी सांगितलं, सही चालते, पण त्याला जे मिळायचं असतं ते जातं, तेव्हा साक्षीदार नेहमी बाहेरचा घ्यावा. म्हटलं, काही बदलायचं असेल तर या, मी पुरवणी करून देतो. येते म्हणाल्या. मला वाटलं सहज विचारतायत." मग कागद पाकिटात घालत म्हणाले, "मीच घरी जायला हवं होतं."

जिना उतरताना मी कम्पाउंडरची बाही धरली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

ते रडकुंडीला आले. "तुम्ही गेल्यावर बोलल्या त्या. म्हणाल्या, एवढ्या महत्त्वाच्या कागदावर उतावळीची सही हवी मला, दुसऱ्या कोणाची नको. म्हणून तिचं नाव कापलं. कपाट काय, उद्याच चार माणसं बोलावून तिच्या घरात नेऊन ठेवते, मरेपर्यंत वाट कशाला बघायची. तुम्हाला सांगणारच होतो हो मी. पण तुम्ही जिन्यात दिसलात की..."

की मी तोंड फिरवत होते. माझ्या एका सहीसाठी सिस्टरांनी माझं नाव कापलं होतं आणि मी त्याच रेघेवर रुसून बसले होते. हात दाखवून अवलक्षण ते हेच. त्यात कायद्याची गंमत बघा. रेघा ओढलेल्याच नाहीत म्हटल्यावर चौथं कलमही कायम. म्हणजे कपाट माझं! पुतण्याने पुढच्या आठवड्यात माणसं लावून ते माझ्या खोलीत आणून ठेवलं, वर फडक्याने पुसूनही दिलं. मी वहिनींना म्हटलं, तुम्ही न्या. त्या म्हणाल्या, "कुठे नेऊ?"

त्या संध्याकाळी जाऊन बातमी द्यायची ती मी दिलीच नव्हती. कम्पाउंडर म्हणाले, "आता सांगून काय उपयोग? जखमेवर मीठ." मला ते बरंच वाटलं. वहिनींच्या भल्याचं नाव पुढे करून मी मूग गिळून बसले. म्हटलं, घर जाणार हे त्यांना आधीपासून माहीत आहे, मनाची तयारी आहे, मधेच कशाला आशा दाखवून काढून घ्या. पण खरं सांगू? मला माझंच तोंड वाचवायचं होतं. आठ दिवस मी त्यांना रोज भेटत होते, भांडी बांधायला मदत करत होते, आणि रोज गिळत होते.

वहिनींनी सोय लावली होती. गावाच्या दुसऱ्या टोकाला एका आजारी बाईंना सांभाळायचं, राहायचं तिथेच. एकसष्ट वर्षांची बाई पुन्हा परक्या घरी पाणी कोमट करणार. मी म्हटलं, "माझ्याकडे या. दोन खोल्या आहेत." त्या हसल्या. "नको. पुन्हा कोणाच्या घरात पाहुणी म्हणून नको. तिथे निदान कामाची म्हणून जाईन."

निघायच्या आदल्या दुपारी मी समोर गेले. बाहेरची खोली जवळजवळ रिकामी. कपाट होतं तिथे भिंतीचा रंग वेगळा दिसत होता. वहिनी पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. एका दमात. मंगळवार, पट्टी, रेघ, 'माझी वहिनी' हे शब्द, माझं भांडण, न केलेली सही, वकील, सगळं. काही लपवलं नाही. म्हटलं, "तुमचं घर माझ्यामुळे गेलं. मला हव्या तेवढ्या शिव्या घाला."

त्यांच्या हातातली घडी तशीच राहिली.

"माझी वहिनी, असं लिहिलं होतं?"

"हो."

"त्यांच्या हाताने?"

"हो. जिने मला नऊ वर्षे सांभाळले, असं पुढे."

मी वाट बघत होते घराचं काहीतरी बोलतील, रडतील, मला हाकलतील. त्या म्हणाल्या, "कोणता मंगळवार?"

"तुम्ही डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला होतात तो."

"म्हणजे त्यानंतर सतरा दिवस होत्या त्या." मान खाली घालून त्या घडीवरून हात फिरवत राहिल्या. "गेल्या त्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी ताट ढकललं. नेहमीचंच. पण मी चिडले. नऊ वर्षांत कधी बोलले नव्हते ते बोलले. म्हटलं, वन्सं, मी तुमची लागते तरी कोण, ते एकदा सांगून टाका. त्या काही बोलल्याच नाहीत. कपाटाकडे बघत राहिल्या. मला वाटलं, उत्तर द्यायचीसुद्धा माझी लायकी नाही."

"वहिनी..."

"रात्रभर बोलले नाही मी त्यांच्याशी. सकाळी चहा टेबलावर ठेवला, हातात दिला नाही. त्यांनी हाक मारली, ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग तो पडल्याचा आवाज आला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "घराचं जाऊ द्या हो. घर माझं कधी नव्हतंच. पण हे तुम्हाला ठाऊक होतं. मधल्या एखाद्या दिवशी येऊन मला सांगायचं होतंत."